देवळाचा फोटो कोणी काढायचा?

(कलशारोहणाच्या आदल्या दिवशी सप्ताहाच्या मंडपात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडेफार नीटनेटके करून येथे देत आहे.)



मी वक्ता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. वडील गेल्यावर त्यांच्या जागी शिपाई म्हणून लागलो आणि पुढे कारकून झालो. माझे काम रेकॉर्डाचे. जुने कागद रुमालात बांधून ठेवायचे, कोणी नक्कल मागितली की रुमाल सोडायचा, धूळ झटकायची आणि कागद शोधून द्यायचा. अशा माणसाला अध्यक्षांनी आज्ञा केली की, जुन्या देवळाविषयी दोन शब्द बोल. देवळाचा इतिहास सांगण्याची माझी योग्यता नाही. म्हणून मी देवळाच्या फोटोविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काही मंडळी हसतील. परंतु दहा मिनिटे धीर धरावा, एवढी विनंती.

प्रथम माझा एक गुन्हा कबूल करतो. आपल्या महादेवाच्या देवळापुढला जुना सभामंडप आपणा सर्वांना आठवतो. लाकडी खांब, खाली दगडी तळखडे, वर कडीपाट आणि त्यावर माळवद. पावसाळ्यात गळायचा, तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या, तो उतरवणे भागच होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. समितीच्या बैठकीत ठराव झाला की, मंडप उतरवण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. हे काम कोणाकडे दिले? रेकॉर्डवाला म्हणून माझ्याकडे. मी मान डोलावली आणि वहीत टिपण केले, ‘रविवारी फोटो काढणे.’ शुक्रवारी मजूर मोकळे मिळाले, ट्रॅक्टर आला आणि काम सुरू झाले. मी कचेरीत निवडणुकीच्या याद्यांत बुडालो होतो. संध्याकाळी गावात आलो, तेव्हा मंडपाच्या जागी मोकळे आभाळ होते. खिशात मोबाईल होता. वर्षभर तो खिशातच होता. दर सोमवारी मी त्या मंडपात बसत होतो. मग एकही फोटो का काढला नाही? कारण, मंडप कोठे पळून जातो आहे, असे वाटत होते.

पुढे जे घडले ते आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. देणगीदारांच्या नावांची नवी फरशी बसवायची ठरली, तेव्हा वरच्या आळीच्या एक आजी समितीकडे आल्या. त्यांचे म्हणणे असे की, मंडपाची खालून दुसरी पायरी त्यांच्या सासरच्यांनी बसवली होती, तिच्यावर नाव कोरलेले होते, ते नाव नव्या फरशीवर यावे. आम्ही देवळाच्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वहीची अर्धी पाने कसरीने खाल्लेली. पायरीची नोंद सापडेना. एकदोघे म्हणाले, म्हातारीला भास होतो आहे. मीदेखील, सवयीने, ‘नोंद आढळून येत नाही’ असे सांगून मोकळा झालो. आजी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पदराखालून एक फोटो घेऊन आल्या. त्यांच्या लग्नाचा. नवरा-नवरी देवदर्शनाला आलेले, मागे वऱ्हाड, आणि पायांखाली तीच पायरी. अक्षरे पुसट, पण पहिली दोन स्पष्ट वाचता येत होती. आजी मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमच्या कागदात नसंल, पण माह्या फोटूत हाये.”

मंडळी, वीस वर्षे मी कागद सांभाळतो आहे. इतके सरळ उत्तर मला कोणी दिले नव्हते. आम्ही ओढ्याकाठी टाकलेल्या भरावात शोध घेतला. तिसऱ्या दिवशी तो दगड पालथा पडलेला सापडला. तो आता नव्या पायऱ्यांत, खालून दुसराच, बसवला आहे. येताना आपण सर्वजण त्यावरून आलात.

या प्रसंगानंतर मला तालुक्याच्या वाचनालयात पूर्वी पाहिलेले एक पुस्तक आठवले. ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ असे त्याचे नाव. गोनीदा म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर. त्यांचे नाव ठाऊक नाही अशांनाही ‘जैत रे जैत’ हा चित्रपट ठाऊक असेल. १९७७ साली आलेला तो चित्रपट त्यांच्याच कादंबरीवरचा. हा माणूस ८ जुलै १९१६ रोजी वऱ्हाडात परतवाड्याला जन्मला. स्वातंत्र्याच्या चळवळीपायी लहानपणीच शाळा सोडली. पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिला, ज्ञानेश्वरी अभ्यासली, पायी नर्मदेची परिक्रमा केली. मग लेखणीवरच पोट भरायचे ठरवून तळेगाव दाभाड्याला राहिला. १९७६ साली त्यांच्या ‘स्मरणगाथे’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १ जून १९९८ रोजी ते गेले.

लेखक म्हणून त्यांची थोरवी जाणकार सांगतील. मला सांगायचे आहे ते त्यांच्या कॅमेऱ्याविषयी. गोनीदा आयुष्यभर महाराष्ट्रातले गड पायांखाली घालीत राहिले आणि जाताना कॅमेरा सोबत नेत. दरवाजे, बुरूज, तट, आणि ज्या डोंगरावर ते सारे उभे आहे तो डोंगर, हे त्यांच्या फोटोंचे विषय. कोणत्या खात्याने त्यांना पाठवले नव्हते. प्रवासभत्ता मिळणार नव्हता. स्टुडिओत लग्नामुंजीचे फोटो काढून जसे चार पैसे मिळतात, तसे पडक्या बुरुजाचे कोण देणार? बुरूज काही पैसे मोजून फोटो मागत नाही. तरी त्यांनी ते केले.

आज आपल्याला त्यातले कष्ट कळणार नाहीत. आता मोबाईलवर शंभर फोटो काढा, नको ते पुसा, फुकट काम. त्या काळी रोळ असे. कॅमेऱ्याच्या जातीप्रमाणे एका रोळावर बारा किंवा छत्तीस फोटो. रोळ विकत घ्यायचा, धुवायचे पैसे वेगळे, प्रती काढायचे वेगळे. काढलेला फोटो कसा आला हे शहरात जाऊन रोळ धुतल्याशिवाय समजत नसे. तोवर गड शंभर मैल मागे राहिलेला. म्हणून बटण दाबण्यापूर्वी माणूस आधी पाहत असे. ऊन कोठून येते, दरवाजाचे कोणते अंग उजेडात आहे, कोठे उभे राहिले म्हणजे तट आणि दरी दोन्ही दिसतील, हे ठरवून मग एक फोटो. माझ्या समजुतीप्रमाणे त्या जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचे बळ या पाहण्यात आहे.

आणि त्या फोटोंची किंमत दरवर्षी वाढतेच आहे. गडाचा तट एका पावसाळ्यात ढासळतो, दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे दगड दरीत जातात, तिसऱ्या वर्षी तेथे तट होता हेही कोणास आठवत नाही. नुसती इमारतच नव्हे, भोवतालची भूमीही बदलते. गोनीदांची ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी तुंग किल्ल्याच्या परिसरातली. पुढे पवना नदीवर धरण झाले आणि किल्ल्याच्या पायथ्याशी पाणी आले. २०२५ च्या जुलैत रायगड, राजगड, शिवनेरी यांसारखे महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपणा सर्वांना आनंद झाला. परंतु या किल्ल्यांना कोणी विचारीत नव्हते, त्या काळात पदरमोड करून तेथे जाणारे, लिहिणारे आणि फोटो काढणारे जे थोडे लोक होते, त्यांत गोनीदा होते, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, हे किल्ल्यांचे झाले, आपल्या देवळांचे काय? तर आता आपल्याच जिल्ह्यात येऊ. अकोले तालुक्यात रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरेकाठी, रतनवाडीला अमृतेश्वराचे देऊळ आहे. आपल्यातले पुष्कळ जण श्रावणात तेथे जाऊन आले आहेत. अकोल्याला सिद्धेश्वराचे देऊळ आहे. आढळा नदीकाठी टाहाकारीला जगदंबेचे तीन गाभाऱ्यांचे देऊळ आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. इकडे श्रीगोंदे तालुक्यात भीमेकाठी पेडगावला लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. या चारही देवळांची नोंद एका साहेबाने करून ठेवली आहे. त्याचे नाव हेन्री कझेन्स.

हा मात्र सरकारी नोकर. इंग्रजांच्या पुरातत्त्व खात्यात पश्चिम हिंदुस्थानचे काम त्याच्याकडे होते. गावोगाव फिरून देवळांची मापे घेणे, नकाशे काढणे आणि फोटो काढणे ही त्याची नोकरी. १९१० साली तो निवृत्त झाला, आणि दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा त्याचा मोठा ग्रंथ छापून आला १९३१ साली. म्हणजे पेन्शनीत गेल्यावर एकवीस वर्षांनी! आमच्या कचेरीत निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी माणूस आपल्या टेबलाकडे पाहत नाही, म्हणून मला याचे विशेष वाटते. पुढे दोन वर्षांनी, १९३३ साली, तो वारला. त्याच्या खात्याचे पुष्कळ फोटो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत.

त्या वेळी फोटो काचेवर निघत असे. पेटीएवढा कॅमेरा, तीन पायांची घोडी, डोक्यावर काळे कापड आणि लाकडी खोक्यात काचा. हे सारे बैलगाडीने आणि हमालांच्या डोक्यावरून न्यायचे. दगडावर गाडी आदळली की काच फुटली, आणि काच फुटली की फोटो गेला. अशा तऱ्हेने त्या काळी देवळांचे फोटो जमवले गेले. त्यानंतर १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि रतनवाडीच्या वाटेवरच्या खोऱ्यात पाणी भरले. देऊळ राहिले, पण भोवतालचा प्रदेश पालटला. धरणापूर्वीचे ते खोरे डोळ्यांनी पाहिलेला माणूस आज हयात नसणार.

तर मंडळी, एकाने सरकारचा पगार घेऊन काम केले, दुसऱ्याने स्वतःच्या खिशातून केले. दोघांच्याही कामाचा उपयोग सारखाच होतो. पडलेले शिखर पुन्हा बांधायचे झाले, निखळलेला दगड कोणत्या थरातला हे ठरवायचे झाले, तर कारागीर जुना फोटो मागतो. आमच्या भाषेत सांगायचे तर फोटो हा इमारतीचा पंचनामा आहे. फरक इतकाच की पंचनामा घटना झाल्यावर करतात आणि हा आधी करावा लागतो. घटना झाल्यावर केलेल्या पंचनाम्यात काय येते, ते मी त्या शुक्रवारी संध्याकाळी पाहिले आहे. मोकळे आभाळ!

आता आपल्या गावाचे सांगतो. आजींचा फोटो पाहिल्यावर मी आणि शाळेतल्या गुरुजींनी घरोघर जाऊन जुने अल्बम मागितले. कोणी पेटीतून काढले, कोणी भिंतीवरची चौकट उतरवून दिली. देवळात काढलेले चौदा फोटो मिळाले. लग्नाचे, जावळाचे, सप्ताहाचे, एक कुस्तीच्या फडाचा, एक शाळेच्या प्रभातफेरीचा. चौदाही फोटोंत माणसे पुढे आणि देऊळ मागे. कोणाच्या फेट्याआड खांब, कोणाच्या खांद्यावरून तुळईचे टोक, कोठे नंदीचा नुसता कान. देवळाचा म्हणून काढलेला फोटो एकही नाही. पण त्या चौदा फोटोंचे तुकडे शेजारी ठेवून आम्ही मंडपाचे किती खण होते ते मोजले, खांबावरची नक्षी ओळखली आणि दीपमाळेचा वरचा, आता नसलेला थर शोधला. नव्या मंडपाच्या दर्शनी खांबांवर जी कमळाची नक्षी आहे, ती मिस्त्रींनी एका बारशाच्या फोटोवरून उतरवली आहे. त्या बारशाचे बाळ आज चार लेकरांचे आजोबा आहेत आणि समोरच बसले आहेत.

हे चौदा फोटो वहीत चिकटवून, खाली नावे लिहून, पाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणापूर्वी सर्वांनी पाहावेत. आपल्याकडे आणखी असतील तर आणून द्यावेत. आम्ही प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत करू. आमच्या वरच्या आळीच्या आजींनी स्वतः तिघींचे फोटो आणवले आहेत.

आता माझी विनंती. आपल्या गावात फोटो काढणारी तरुण मुले पुष्कळ आहेत. कोणी लग्नाच्या ऑर्डरी घेतात, कोणाकडे चांगले कॅमेरे आहेत. त्यांना जाणकारांकडून ऐकलेल्या आणि स्वतः चुका करून समजलेल्या चार गोष्टी सांगतो.

देवळाचा फोटो काढताना देवळापुढे कोणी उभे करू नये, फक्त एका फोटोत एक माणूस खांबाशी उभा करावा, म्हणजे उंची कळते. भर दुपारी काढू नये, कारण डोक्यावरच्या उन्हात नक्षी सपाट दिसते. सकाळी किंवा कलत्या उन्हात तिरपा उजेड पडतो आणि दगडातली रेघन् रेघ उठून येते. कॅमेरा सरळ धरावा. शिखर मावत नाही म्हणून तो वर तिरपा केला की देऊळ मागे पडते आहे असे दिसते, त्यापेक्षा चार पावले मागे जावे. आधी लांबून, गाव आणि झाडे यांच्यासकट; मग चारही बाजू; मग दरवाजा, उंबरठा, पायऱ्या, आणि जेथे अक्षर असेल तो प्रत्येक दगड. गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय काढू नये.

सर्वांत महत्त्वाचे, फोटो कागदावर छापून घ्यावा. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, बदलतो आणि त्यातले सारे जाते. आजींचा फोटो पेटीत राहिला, म्हणून पायरी सापडली. छापलेल्या फोटोमागे तारीख, जागा आणि काढणाऱ्याचे नाव लिहावे. एक संच देवळाच्या दप्तरात, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. तीन ठिकाणी ठेवलेले एकदम नष्ट होत नाही, हे रेकॉर्डवाल्याचे अनुभवाचे बोल समजावेत.

देणगीदार बंधूंनाही एक नम्र सूचना आहे. आपण कळसाला दिले, फरशीला दिले, मंडपाला दिले. देव आपले भले करो. पुढच्या वेळी देताना त्यातली थोडी रक्कम ‘जुन्याची नोंद’ या खात्यावर टाकावी. दगडावर रंग देण्यापूर्वी तो दगड कसा होता, हे एकदा छापून ठेवावे. रंग पुन्हा देता येतो. रंगाखाली गेलेली अक्षरे पुन्हा मिळतीलच असे नाही. आणि आज आपल्या नावाची फरशी बसली आहे. साठ वर्षांनी कोणी ती उचलील, तेव्हा आपल्या नातसुनेला समितीपुढे उभे राहून शपथा घ्याव्या लागू नयेत, एवढाच यातला स्वार्थ.

मी चुकलो, त्याची भरपाई म्हणून एक काम पत्करले आहे. कलशारोहण झाल्यावर, मांडव उतरला आणि पाहुणे आपापल्या गावी गेले की, दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि गुरुजी नव्या देवळाचे फोटो काढणार आहोत. सर्व बाजूंनी, कोणीही पुढे उभे न राहता. नवे देऊळ आज नवे आहे, म्हणून त्याचा फोटो कशाला, असे कोणी म्हणू नये. जुना मंडपसुद्धा एके काळी नवाच होता. आणि या वेळी वहीत ‘रविवारी’ असे लिहिलेले नाही. वार आणि वेळ दोन्ही लिहिले आहे, खाली समितीच्या अध्यक्षांची सही घेतली आहे.

बोलण्यात काही कमीजास्त झाले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. 

हर हर महादेव!